दार वाजायला नको

मुकुंदवाडी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आवडाआत्यास राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं गादीखाली ठेवता येतं, असं तुझं म्हणणं. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाच्या चितेगावला चार दिवस लावणारं हे पत्र.

काम असं आहे. मी एक खेळ चालवणार आहे, भीतीचा. पट नाही, पत्ते नाहीत. ज्यानं त्यानं आपापल्या घरी फोनसमोर बसायचं. समोर काय दिसतंय ते मी सांगणार, तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि जमलं की फसलं ते माझा फासा ठरवणार. आजवर मी दुसऱ्यांच्या खेळात खेळले, चालवणार पहिल्यांदाच. खेळाडूही सगळे नवखे: आपला सुदर्शनदादा, पुण्याहून तुझा सत्यम, आणि शेंद्र्याच्या कंपनीतली माझी मैत्रीण सोनिया. चौथी तू हवीस.

हसू नकोस. शेंगा फोडता फोडता तू भुतांच्या गोष्टी सांगायचीस, तेव्हा सुदर्शनदादा मोरीपर्यंत एकटा जात नसे. आमचे मामा, सत्यमचे बाबा, गेल्यापासून सहा वर्षांत तू एक गोष्ट सांगितली नाहीस. खेळाची हौस आहेच गं, पण खरं म्हणजे मला तुझा तो आवाज परत ऐकायचाय.

एक नियम आहे. गोष्टीत काय नको ते प्रत्येकानं मला एकटीला आधी कळवायचं. कारण द्यायचं नाही. सोनियाला पाली नकोत.

लोभ असू दे, आणि तेवीस तारखेला, रविवारी दुपारी तीनला, फोन चार्ज असू दे.

तुझी,
नंदिनी

चितेगाव,
८ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस आवडाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टमन नेहमीसारखा उघड्या दारातनं आत टाकून गेला.

डोकं फिरलंय का गं तुझं? भीती जावी म्हणून माणसं नारळ फोडतात, अन् तुम्ही ती घरात बोलावून आणता व्हय? तुझ्या बापाला कळलं तर कपाळावर हात मारून घेईल. अन् भुताचा खेळ दुपारी! असू दे, आमच्या वेळची भुतंबी भर दुपारीच निघायची.

इकडं तूर घरात आली, कापूस अजून पडून हाय. सत्यम पुण्याला चल म्हणून पाठ सोडत नाय. म्हणतो, रातंदिस दार सताड उघडं टाकून एकटी राहतीस, उद्या चोर शिरंल. शिरंना का, म्हणलं, च्या पिऊन जाईल बिचारा.

खेळायला येते. तुला नाय म्हणणं मला कधी जमलंय? फोन शेजारची सुलेखा लावून देणार हाय.

काय नको ते कळव म्हणतीस. भूत असू दे, मुडदा असू दे, रगत असू दे. दार वाजायला नको. कारण द्यायचं नाय म्हणलीस, म्हणून देत नाय.

जीव लावतीस तसाच लावत राहा.

तुझी आत्या

मुकुंदवाडी,
१३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि खाटेवर बसूनच राहिले.

त्या दिवशी मी तुझ्याकडं होते, सुट्टीला आलेली. तू भाकरी थापत होतीस. पैठण रस्त्यावरून दोन माणसं मामांच्या अपघाताचं सांगायला आली आणि त्यांनी दार वाजवलं. पिठाच्या हातानं तू कडी काढलीस. तेव्हापासून तुझं दार रात्रंदिवस उघडं असतं. आम्ही सगळे तुझ्या घराला धर्मशाळा म्हणून हसलो. दार उघडं असलं की कुणाला वाजवावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. लाज वाटली गं आत्या.

माझी सगळी गोष्ट एका दार वाजण्यावर उभी होती. फाडून टाकली. आता बंद पडलेल्या जिनिंगच्या गिरणीची नवी रचतेय. तिच्यात दार वाजणार नाही, माझा शब्द. तरी मध्येच नको वाटलं तर नुसता हात वर कर, मी तिथल्या तिथं थांबवीन.

आशीर्वाद दे, फार धाकधूक आहे.

नंदिनी

मुकुंदवाडी,
२३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

खेळ संपल्या संपल्या घाईनं लिहितेय, अक्षर लावून घे. तू तिथंच होतीस, तरी मला काय दिसलं ते लिहिते.

सुरुवातीलाच तू माझी भीती पळवलीस. जिनिंगचं लोखंडी दार किलकिलं आहे, आत अंधार, कापसाचे ढीग, असं मी आवाज खोल करून सांगतेय, आणि तू काय केलंस? सगळ्यांना चपला काढायला लावल्यास! कापूस म्हणजे लक्ष्मी म्हणून. वर स्वतः चपला राखत बाहेर बसलीस. असा खेळाडू मी जन्मात पाहिला नाही.

मग ते तिघं आत गेले आणि दार मिटलं. आत जे होतं त्याला अंग नव्हतं, नुसते आवाज होते. सत्यमला ते सुदर्शनच्या आवाजात बोलवायचं, सोनियाला सत्यमच्या. कुणाचा कुणावर भरवसा राहीना. झरोक्यातून तुला दिसलं की त्यांच्या पाठीमागं कापूस माणसासारखा उभा राहतोय. दाराकडं पळा म्हणून तू हाका मारल्यास. पण तेही तुझ्याच आवाजात हाका मारायला लागलं. सत्यम म्हणाला, ही आई नाही.

मग तू हळूच म्हणालीस, आवाज त्याला सगळे येतात, पण त्याला हात कुठायत?

आपण कुठं येऊन पोचलो ते मला तेव्हा कळलं. दार टाळायला म्हणून रचलेली गोष्ट दारापाशीच आली होती. मी थांबूया, थांबूया म्हणून ओरडले. तू ऐकलं नाहीस. लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनमधून आम्हाला तुझी पाठ दिसली. तू उठलीस, सहा वर्षं भिंतीला टेकलेलं तुझ्या घरचं दार ओढलंस, लावलंस, आणि त्यावर हात मारलास. तीनदा.

आत्या, आम्ही चौघं आपापल्या फोनवर वाकलो. सत्यमच्या गालावरून पाणी वाहत होतं, पुसायचंही त्याला भान नव्हतं. मग तो म्हणाला, हीच आई आहे, मी दार उघडतो.

पुढची गोष्ट तूच सांगितलीस, मला न विचारता, त्याच जुन्या आवाजात. फासा माझ्या हातात तसाच राहिला. मी फक्त बघत होते. एवढं मोठं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

पण माझा शब्द मोडला. आणि गोष्ट संपल्याबरोबर तुझा फोन बंद. रागावलीस का? दोन ओळी तरी पाठव.

नंदिनी

चितेगाव,
२८ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

राग कसला, खुळे! चार्जिंग संपलं. तू बजावलं होतंस, मीच इसरले.

दार ओढलं तवा दाराआडची खुंटी उघडी पडली. तुझ्या मामांचा खांद्यावरचा गमजा तसाच लटकलेला, धुळीनं भरलेला. सहा वर्षं दारामागं झाकून ठेवला होता मी. धुतला, उन्हात घातला, लई रडले.

अन् एक सांगते. ती दोन माणसं माझ्या डोळ्यासमोरनं कधी गेली नाय. लई राग होता त्यांचा. पण दारावर मारायला हात उचलला तवा कळलं, किती जड होतो तो. त्यांनाबी तसाच जड झाला असंल. तरी वाजवलं बिचाऱ्यांनी, कुणीतरी सांगायलाच पायजे होतं.

त्या दिवसापासनं दार लावून बघतेय. सोमवारी घटकाभर लावलं, जीव गुदमरला, उघडलं. काल दुपारभर लावलं. आज जेवायला बसले अन् दार वाजलं. तशीच बसले. परत वाजलं. मग उठले, उष्ट्या हातानंच कडी काढली.

पोस्टमन होता. तुझं पत्र घेऊन.

सुदर्शनला अन् सोनियाला आशीर्वाद सांग. आता आलीस की नेहमीसारखी सरळ आत घुसू नको. दार वाजव, मी उघडते.

तुझी,
आवडाआत्या