एर्लाखच्या कुरणाचा नकाशा

११ नोव्हेंबर १५४१, संत मार्टिनचा सण

दिवसभर पाऊस. रोटबाख आणि एर्लाखमधला ओढा बघत चाललो होतो. ओढा हीच दोन्ही गावांची शीव. कुरण त्याच्या कोणत्या अंगाला, यावर तंटा. न्यायाधीश काही चिखल तुडवत येणार नाहीत— म्हणून नकाशा काढायला मी.

गिरणीपाशी पोचेतो बुटांत पाणी. गिरणीवाला लोरेन्त्स रोटबाखचा. म्हणाला, "तुम्ही भिजलात म्हणून ओढा वाट बदलणारे का, चित्रकारबुवा? पुढे सरळच जातो तो. या आत, सणाचा भाजलेला हंस गार होतोय."

गेलो. हंस, बिअर, ऊब. उठेपर्यंत अंधार पडला. पुढे गेलोच नाही.

१५ नोव्हेंबर

नकाशा रंगवून दिला. न पाहिलेला ओढा सरळ ओढला. त्यात कुरण रोटबाखच्या अंगाला गेलं. बायको, ओटिली, म्हणाली, "गायी किती गोड काढल्यात हो!" तिच्याकडे बघवेना. डोळ्यांनी पाहीन तेवढंच काढीन, अशी दोन बोटं वर करून शपथ घेतली होती मी.

२ डिसेंबर

एर्लाखचा म्हातारा व्हेंडेल दारात. चीज घेऊन आलेला.

"मोठ्या वळणापर्यंत आला होतात ना? कुरणाला वळसा घालतो बघा आमचा ओढा. बाकी काही नको, दिसतं तेवढं काढलंत की झालं."

हो म्हणालो. आणि चीज ठेवूनही घेतलं! इतका निर्लज्ज मी कधी झालो?

३ डिसेंबर

न्यायालयात जाऊन खरं सांगायचं म्हणून टोपी घातली. पुन्हा काढून ठेवली. खोटी शपथ घेणाऱ्याची तीच दोन बोटं छाटतात. कुंचला धरायची.

भित्रा आहे मी. दुसरं काही नाही.

९ मार्च १५४२

निकाल. कुरण रोटबाखला. एर्लाखची गुरं आता चरणार कुठे?

ओटिलीनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं— यांच्या नकाशावरून झाला निकाल. चीज अजून तसंच आहे.

३ एप्रिल

शिवेचे दगड रोवायला गेलेल्या अधिकाऱ्यांना ओढा नकाशाशी जुळेना. नकाशावर कुणी शंकाच घेतली नाही. एर्लाखवाल्यांनीच मागाहून चोरून ओढा वळवला, असं ठरलं. तो 'पूर्ववत' सरळ करायचा हुकूम निघाला. व्हेंडेल आणि त्याची माणसं आठवडाभर खणतायत.

उद्या पाणी सोडतील. मग माझा नकाशा बरोबर असेल.