आठवी आसरा

आये, तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली आणि वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. म्हणजे हा कागद कुठे जायचा नाही. तरी लिहितेय. माझीही शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आपली विहीर आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे, वर लोखंडी जाळी. बिल्डरने शेतं गिळली, पण काठावरचे आसरांचे शेंदूर लावलेले दगड हलवायला एक मजूर तयार झाला नाही. पाण्यातल्या या बाया तरण्या पोरींना ओढून नेतात, हे त्यांच्याही गावात माहीत. माझी नात कॉलेजात असल्याच गोष्टींचा अभ्यास करते. फोन माझ्या तोंडापुढे धरून म्हणाली, "आजी, सगळ्या पुस्तकांत आसरा सात. आपल्याकडे आठ दगड कसे गं?"

"पुस्तकवाले आपल्याकडे आले नसतील."

"आणि साती जणींना दहीभात, आठवीला सुका जवळा नि भाकरी. ती इथली जुनी, खाडीवरची देवी असणार बघ. हे कोणी लिहिलेलंच नाही."

पोर इतकी खूश, की गप्प बसावंसं वाटलं. मग म्हटलं, खोटं छापण्यापेक्षा ऐक. आठवी माझी थोरली बहीण. जवळा तिला आवडायचा. ती विहिरीत सापडली तेव्हा माझ्या आयेने तो दगड मांडला आणि आसरांनी नेली म्हणून गावाला सांगितलं. जीव दिलेल्या पोरीची बहीण कोणी करून घेतली नसती, आणि माझं लग्न व्हायचं होतं.

नातीने फोन बंद केला. "पण जीव का दिला?"

"सासरी मारायचे."

तेवढंच सांगितलं. आदल्या संध्याकाळी ती गाठोडं घेऊन आलेली, हे नाही सांगितलं. तू चुलीवर जवळा परतत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मरायचं तर तिकडे जाऊन मर." ती न जेवता उठली. पुढे जन्मभर तू तो जवळा दगडाला वाढत राहिलीस.

तुझी लाज राखली असं समजू नकोस. परवा माझी धाकटी लेक विठ्ठलवाडीच्या सासरहून बॅग घेऊन आली, गालावर वळ. दारातच तुझं वाक्य माझ्या जिभेवर आलं, जसंच्या तसं. गिळलं. तिला पान वाढलं आणि ती जेवून उठेपर्यंत समोरून हलले नाही.