मामीची पालथी वाटी

प्रिय टाक्को,

मला ‘अर्धा वकील’ म्हणतेस ना, म्हण खुशाल. बामाकोचं कॉलेज मी तुझ्यापायी सोडलं हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. पण तुझ्या बाबांचा, म्हणजे मामाचा, निरोप ऐकल्यापासून डोकं तापलंय. पोरगी हवी तर पोराने हम्मादीच्या टोळीत जावं म्हणे. जिहादला निघालेल्या जावयाकडून देज म्हणून एक गायही मागणार नाही, असंही म्हणाला. तुझ्या भावाची, हम्मादीची, बंदूक खांद्याला लावली की तू माझी! टाक्को, तुझ्यासाठी पुरात पोहत येईन, पण या वाटेने येणार नाही.

परवा तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर हम्मादी मोटरसायकलींवरून माणसं घेऊन मशिदीच्या अंगणात आला, ते तुला कळलंच असेल. बाकीचं माझ्याकडून ऐक. जिहादसाठी तरण्या पोरांनी उभं राहावं, असं तो म्हणाला. मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, गेला हा पण. मी विचारलं, आईची परवानगी घेऊन आलेले तुमच्यात किती? मोदिब्बो गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनीच मला आणि हम्मादीला एका लाकडी पाटीवर शिकवलंय, की आईबाप हयात असतील तर त्यांच्या होकाराशिवाय लढाईला जायचं नाही. लढाई राज्यकर्त्याने पुकारायची, वाटेल त्याने नाही. आणि मुसलमानाची गुरं म्हणजे लूट नव्हे. मग विधवा पेंडाच्या गाई तुम्ही कोणत्या पाटीवर वाचून हाकून नेल्या, तेही मी विचारलं.

हम्मादी म्हणाला, “शत्रू दारात आला की आईला विचारत बसायचं नसतं.”

पाठ बरोबर होता. नियम तसाच आहे. म्हणून मीही म्हणालो, “दारात तर तूच आलायस, दूधचोरा.”

आणि तो हसला! आते-मामे भावंडांनी एकमेकांना काहीही बोलावं आणि कुणी राग धरू नये, ही आपली रीत त्याच्या हाडात मुरलीय. अख्खं अंगण हसलं. मग त्याचं लक्ष आपल्या माणसांकडे गेलं. ती हसत नव्हती. त्याचा चेहरा दगड झाला. शुक्रवारी नमाजेनंतर बंदूक घ्यायला ये, नाहीतर निवाड्याला उभा राहा, एवढं बोलून तो गेला.

आईने बाजरीची शिदोरी बांधून ठेवलीय. होडीने मोप्तीला निघून जा म्हणते. नाही जाणार. बंदूकही घेणार नाही. ज्याला अजून हसू येतं, तो अजून आपला आहे.

म्हणून हे लिहितोय. हम्मादी घर सोडून गेला तेव्हा मामीने त्याला निरोपाचं दूध दिलं नाही, माझा होकार नाही म्हणून वाटी पालथी घातली, असं तू रडत सांगितलं होतंस. गावात हे कुणालाच माहीत नाही. शुक्रवारी मी निवाड्याला उभा राहीन आणि सगळ्यांसमोर हम्मादीला विचारीन, तुझ्या आईने होकार दिलाय का? उत्तर मी देऊन चालणार नाही, ते मामीचंच आहे. तिला घेऊन ये. मामा ओरडेल, ओरडू दे. बायका त्या अंगणात येत नाहीत, माहीत आहे मला. पण भिंत बुटकी आहे, टाक्को. तिने बाहेरून वाटीचा हात वर केला तर पालथी वाटी अंगणातल्या सगळ्यांना दिसेल.

निवाडा काहीही होवो, तुझाच,
येरो