पातीची लव

१६ जून १९५७
आईने आज भात पेरलं. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. रॉकेलचे तीन डबे आडवे कापले. माती गणपतीच्या कारखान्यातली, शेण तबेल्यातलं. दोन्ही मीच वाहून आणलं. गेल्या साली बाबा गेल्यावर गावची जमीन काकांनी घेतली, तेव्हापासून आई त्यांचं नाव काढत नाही. गाव सोडताना शेतातलं तांबडं भात मूठभर पदराला बांधून आणलं होतं. तेवढंच. ते सगळं पेरलं. दसऱ्याला दाराला घरच्या लोंब्या बांधायच्या म्हणते. शेजारी हसले. मीही हसलो त्यांच्यात.

१० जुलै
लावणी झाली. गुडघ्यांवर बसून, एकेक रोप चाचपत. आईचा मोतीबिंदू पुरता पिकलाय. इस्पितळात नंबर लागला एकदाचा. मला बजावलं, "मदी मदी तण इला आसतला. माका दिसणा नाय. तां तू काढ." म्हटलं, काळजी नको, शेतकऱ्याचाच मुलगा ना मी. अकराव्या वर्षी मुंबईला आलो, आता गिरणीत हजेरी मांडतो. शेतकरी कसला.

२७ जुलै
ऑपरेशन ठीक. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. रजा टाकून सकाळी डबे साफ केले. मरतुकडी एकवीस रोपं उपटली, गलेलठ्ठ नऊ ठेवली. खाली कचऱ्यात टाकून आलो. संध्याकाळी परळला संयुक्त महाराष्ट्राची सभा. बोललो. 'या मातीशी आमची नाळ' वगैरे. टाळ्या बऱ्या पडल्या.

२८ जुलै
इस्पितळात आईला सांगितलं, एकवीस तणं काढली. ती खूश. मग म्हणाली, "पात खोडाक लागता थंय लव बघितलंस मा? लव आसता तां भात. तणाक नसता." मी म्हटलं, बघितली.
बघितली नव्हती. असलं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. जिने तीन-तीन पायऱ्यांनी चढलो. नऊच्या नऊ गुळगुळीत.
कचरा सकाळीच गेला होता.

२९ जुलै
हिला सांगितलं. बायको असून ओरडली नाही, त्याचंच जास्त लागलं. "सांगून टाका ना." पट्टी निघू दे, म्हटलं. आईने आज विचारलं, "भात केदा झाला रे?" हाताने दाखवलं, वीतभर. तिला दिसत नाही हे विसरून.

८ ऑगस्ट
आई घरी. पट्टी अजून आहे. पोचल्या पोचल्या गॅलरीत न्या म्हणाली. धरून नेलं. पातीवरून बोटं खाली नेली, खोडापर्यंत. पुन्हा वर. पुन्हा खाली. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्याला हात लावला नाही. "बरा हा," म्हणाली. पदराला हात पुसला. जेवली नीट. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी पंखा दुरुस्त करत बसलो, जो बिघडलेलाच नव्हता.

३० ऑ.
पट्टी निघाली, जाड चष्मा आला. गॅलरीकडे फिरकत नाही. तणाला तुरे आलेत, राठ, काटेरी. शेजारचे मास्तर म्हणाले, "वा, पिकलं की हो भात." मी हो म्हटलं. पाणी घालतोय रोज. कशाला, माझं मलाच कळत नाही.

दसरा
पहाटे दादरला जाऊन लोंब्यांची जुडी विकत आणली. आंब्याच्या डहाळ्यांत गुंफून दाराला बांधली. डब्यांतलं गवत ती उठायच्या आत कापून टाकलं. आई उठली. म्हटलं, घरच्या आहेत. स्वतःच्या आईला, सणाच्या दिवशी. तिने एक दाणा काढला, दातांखाली फोडला, तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेला. पांढरा होता, तांबडा नव्हे.
मग दाराला हळदकुंकू वाहिलं. मास्तरांच्या बायकोला म्हणाली, "माज्या झिलान पिकवल्यान." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दसऱ्यानंतर चौथा दिवस
आई कार्ड घेऊन समोर बसली. "काकाक लिही. मूठभर बियाणा धाड म्हणान." ज्या माणसाने जमीन घेतली त्याच्यापुढे आता तिने हात पसरायचा, माझ्यामुळे. मी म्हटलं, आई, ते तण… मी…
"लिही," म्हणाली. "माज्याच हातान उपाटला म्हणान लिही. डोळ्यांक दिसणा नाय हुता. आंधळ्या बायलेक कोण हसणा नाय."
आणि भाकऱ्या थापायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी
कार्ड अजून टेबलावर. 'ती. काकांस सा. न. वि. वि.' इथपर्यंत लिहून झालंय. पुढे 'आईच्या' लिहिलं, खोडलं. 'माझ्या' लिहिलं, तेही खोडलं. काकाही त्या शेतात जन्मले. 'माझ्या' एवढा एक शब्द वाचून हसतील.
ही विचारते, पोस्टात टाकू का? आई विचारत नाही.