मागे कोण राहिले

मी, अंबूबाई सावळाराम विशे, वय एकाहत्तर, राहणार मुरबाड, निवृत्त अंगणवाडी सेविका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हा कागद मला लिहूच दिला नसता.

१. घरातला माझा हिस्सा मुलगा हरेश याला. शिवणयंत्र सून रेश्मा हिला. त्याचे चाक अडते, तेल घालत जावे.

२. पोस्टातली बचत नात कुणाली हिला. तिच्यामुळे हा कागद होतो आहे. पावसाळ्यात मी खाटेला खिळले तेव्हा तिने लॅपटॉपवर मला एक खेळ लावून दिला. त्यात आधी आपला माणूस घडवावा लागतो: जन्म कुठला, काम कोणते, घर सोडताना मागे कोण राहिले. ती इंग्रजी वाचून मराठीत विचारायची, मी सांगायची. शेवटच्या प्रश्नाला ‘कोणी नाही’ म्हटले की अंगात बळ जास्त मिळते.

कुणाली म्हणाली, “आजी, लेकरू घे ना. मंग पुढं त्याला शोधाया जाता येतं.”

मी ‘कोणी नाही’ घेतले. मग प्रत्येक गावाच्या वेशीवर पहारेकरी विचारी आणि माझी बाई तेच सांगे. सातव्या गावाला मला ते ऐकवेना. उत्तर बदलता येईल का, असे मी विचारले.

“आता नाय बदलत, आजी. नवीन बाई घेऊन पयल्यापासून खेळाया लागंल.”

मी एकाहत्तर वर्षांची आहे.

३. म्हणून लिहिते. सावळाराम यांच्याशी माझा पाट लागला, त्याआधी मला डोळखांबकडे दिले होते. तो नवरा साप चावून गेला. मुलगी काशी तेव्हा दोन वर्षांची. नव्या घराने विधवा चालेल, मूल नको, असे कळवले आणि माझा भाऊ महिपत याने मला न विचारता होकार दिला. मीही तोंड उघडले नाही. काशीला तिची चुलती ताराबाई हिने वाढवले. पहिल्या घरचे मूल नाही, असे मी इथे बावन्न वर्षे सांगत आले. मला माझी लाज वाटते. महिपतने माझ्या तेराव्याला जेवू नये.

४. माझ्या मानधनातून घेतलेली अकरा गुंठे भातजमीन काशी हिला. ती खर्डीला भाजी विकते. दिवाळीआधी मी गाडी करून गेले आणि तिच्याकडून माठाची जुडी घेतली. ती म्हणाली, “मावशी, बसा जरा. पाय दुखत असतील.” मी तासभर बसले आणि काही न सांगता परत आले.

५. हरेशला हे आत्ताच कळत आहे. त्याने खुशाल रागवावे, पण फेरफाराला हरकत घेऊ नये. काशीच्या सर्व कागदांवर आई म्हणून ताराबाईचे नाव आहे. ते तसेच राहावे, तिने ते कमावले आहे. तलाठ्याने नाते विचारल्यास हा कागद दाखवावा. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

६. काशीने जमीन नाकारली तर तिला समजवायला कोणी जाऊ नये. मात्र हा कागद तिला एकदा पूर्ण वाचून दाखवावा, सहीसकट.

ठिकाण: मुरबाड
दिनांक: २ डिसेंबर २०२५

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले:
१. सरिता बारकू घुडे
२. दीपेश गोजर भोईर

सही:
अंबूबाई सावळाराम विशे
काशीची आई