लिंबोणीच्या गल्लीतल्या किल्ल्या

९ एप्रिल

पाठवला एकदाचा लेख! माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशातल्या एका इंग्रजी प्रवास-मासिकात काम करते. तिला हवा होता – ‘दुब्रोव्निकमध्ये पाहुण्याने कसं फिरावं, तिथल्याच माणसाच्या शब्दांत.’ म्हणाली, “बाई, तटबंदीवर सगळेच लिहितात. तुम्ही फक्त तुम्हाला ठाऊक आहे ते लिहा.”

लिहिलं. तटावर सकाळी आठच्या आत चढा, नंतर चढाल तर पुढच्याची पाठच बघाल. मोठ्या रस्त्याचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, चामड्याच्या तळाचे बूट घालून मिरवायला जाऊ नका, आपटाल. बंदरावरच्या मांजरांना खायला घालणाऱ्या म्हाताऱ्यांशी वाद घालू नका, हराल. शेवटी आमची गल्ली. आमच्याकडे सकाळी उठलं की घराची किल्ली बाहेरून दाराला लावून ठेवतात. म्हणजे माणूस उठलं, धडधाकट आहे, खुशाल आत या. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारे बाल्दोकाका रोज आठ वाजता मासळीबाजारातून परत येताना पायऱ्या चढत एकेक दार बघतात. किल्ली नसली की हाक मारतात.

माझं नाव छापू नका म्हटलं. इथे नाव छापलं की वर्षभर टोमणे. गल्लीचंही नाव घातलं नाही – फक्त ‘लिंबोणीची गल्ली’. पाटीवरचं नाव नाही म्हणजे गल्ली लपली. स्वतःवरच खूश आहे आज.

३ मे

छापून आला! सहा वेळा वाचला. मावशीला सांगितलं नाही. गल्लीत राहणारी काते मावशी एक्क्याऐंशीची. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, तिनेच वाढवलं. तिला लेखबिख कळला तर म्हणेल, स्वतः गावाबाहेर ग्रुझला फ्लॅटमध्ये राहते आणि ‘आमची गल्ली’ लिहिते. खोटं नाही ते.

११ मे

शाळेतून मावशीकडे गेले तर स्वयंपाकघरात दोन जर्मन! नवरा-बायको. कुठेतरी वाचलं आणि किल्ली फिरवून सरळ आत आले म्हणे. मावशीने त्यांना कॉफी दिली, नारंगीच्या सालीची मिठाई दिली. “चांगली माणसं आहेत गं. कप धुऊन ठेवला त्याने. आपल्याकडच्या कुठल्या पुरुषाने आजवर धुतलाय?”

मी हसले, आणि मग लक्षात आलं. लिंबोणी! आम्ही जन्मात पाटीवरचं नाव घेत नाही. ते गाळलं की गल्ली लपली, असं फक्त आमच्यासारख्यालाच वाटणार. अख्ख्या गावात लिंबोणी असलेली गल्ली एकच. पत्ता मीच दिला.

१८ मे

बंदराला पर्यटकांची दोन मोठी जहाजं लागली. पायऱ्यांवर फोटोला रांग. सूपमध्ये शेपू घालायचा की नाही ते मावशी ठरवत होती आणि मागून कोणीतरी तिचं कपाट उघडून बघत होतं. एकाने तर किल्ली आठवण म्हणून खिशात घातली. कुलूप बदलावं लागलं.

आता सगळ्या गल्लीने किल्ल्या आत घेतल्या. मावशी आतून कुलूप लावून बसते. म्हणते, “आजीच्या काळापासून जे दार दिवसा बंद झालं नाही ते मी बंद केलं. ज्याने लिहिलं त्याचे हात झडोत.”

मी तिच्यासाठी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

२० मे

समोरच्या मादेच्या मुलीने तो लेख शोधून काढला. मादेने पायरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवला, निम्मा चुकीचा. मावशी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “हा बाहेरचा नाही. आठ वाजता बाल्दो दारं बघतो हे बाहेरच्याला काय ठाऊक?”

मला वाटलं, आता माझ्याकडे बघणार.

मादे म्हणाली, “सगळ्यांत जास्त कौतुक कुणाचं आहे त्यात? बाल्दोचंच ना? आणि घरातली खालची खोली पाहुण्यांना भाड्याने कोण देतं?”

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि मी मूग गिळून बसले. का, तर मावशी माझ्याकडे त्या नजरेने बघेल ही भीती. दुसरं काही नाही.

२२ मे

मावशीने बाल्दोकाकांना पायरीवरच गाठलं. “बाल्दो, लाज नाही वाटली?”

त्यांच्या हातात सार्डिनची पुडी होती. म्हणाले, “काते, मला इंग्रजीत माझं नावसुद्धा लिहिता येत नाही.”

“तुझ्या सुनेला येतं.”

काका तसेच वळले. रोजच्याप्रमाणे मावशीसाठी मासे आणले होते, ते पुडीसकट परत घेऊन गेले.

२३ मे

सांगितलं नाही.

२७ मे

बाल्दोकाका आता आमच्या गल्लीतून येत नाहीत. पलीकडच्या गल्लीने वर चढतात आणि वळून घरी जातात. गुडघा दुखतो, तरी. कसे आहात म्हणून कोणी विचारत नाही. गल्लीला बरंच वाटतंय असं दिसतं. उद्या सांगेन. देवाशप्पथ सांगेन.

३० मे

मावशीचा वाढदिवस झाला. कसं सांगणार? तिने आमच्याकडचं अंड्याचं पुडिंग, रोझाता, केलं होतं, माझ्या बशीत सगळ्यात मोठा तुकडा.

४ जून

सगळं क्रमाने लिहिते.

दीड वाजता शाळेतून गेले. दार आतून बंद. हाक मारली, उत्तर नाही. मग आतून भांड्यावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज. मावशी सकाळी सातलाच पडली होती, चूल आणि टेबल यांच्या मध्ये. साडेसहा तास. हाका मारत होती, पण बाहेर पर्यटकांची गडबड. मादे म्हणते, “दार बंद दिसलं, पण आता रोजच बंद असतं ना गं.”

मी दारावर लाथा मारत होते. वरून बाल्दोकाका धावत आले, त्या गुडघ्याने. कोपराने खिडकी फोडली, आत हात घालून कडी काढली, चढून गेले. कोपर चांगलंच कापलं. खुर्चीत बसवून तिला पायऱ्यांवरून खाली नेलं. एका पर्यटकाने टोपी काढली, बाकीचे भिंतीला चिकटून उभे राहिले.

आठ वाजता बाल्दोकाका आमच्या गल्लीतून गेले असते तर एका तासात कळलं असतं.

५ जून

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य – “तो बाल्दो नकोय इथे. त्याच्यामुळेच दार बंद करावं लागलं.”

ते बाहेर बाकावर बसले होते, कोपराला पट्टी. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. सगळं. त्यांनी कोपरावरची पट्टी नीट केली.

मग म्हणाले, “तिला आत्ता सांगू नकोस, पावा. तिला भरवायला, उठवायला तू लागणार आहेस. माझ्यावर रागावून ती बरी होईल. तुझ्यावर रागावली तर कोणाचा हात धरून उठेल?”

मला सुटल्यासारखं वाटलं. हेच मला सगळ्यात जास्त लागतंय, की सुटल्यासारखं वाटलं.

८ जून

मावशीने परिचारिकेला माझी ओळख करून दिली. “भाची नव्हे, लेक. हिच्यासारखी माझी दुसरी कोणी नाही.” मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

११ जून

बाल्दोकाकांनी माशांचं सूप पाठवलं, सुनेच्या हाती. मावशीने वास घेतला, ओळखलं आणि डबा तसाच परत दिला. “त्याला म्हणावं, मांजरांना घाल.” सून बिचारी दारातच रडली. तिला आजवर कोणी विचारलेलंही नाही, लिहिलंस का म्हणून.

आता पुरे. मावशी बरी होवो न होवो, दुसऱ्याच्या पाठीवर बसून मी तिची लेक होणार नाही.

१२ जून

सांगितलं. मावशी जेवत होती. मधे थांबली नाही, सगळं ऐकलं, ताट संपवलं, तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाल्दोला बोलावून घ्या. आणि तुम्ही आता निघा.”

तुम्ही म्हणाली. मला.