फॉर्मवरचं ‘नाही’

बाबा, परवा तुमचा ब्लॉक माझ्या टेबलावर आला. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आम्ही लॅबमध्ये मेणात बसवतो, त्याची छोटी वडी होते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, वडी जशीच्या तशी आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जुन्या पेशंटांवर आमच्याकडे अभ्यास चाललाय: गाठीत कुठले मार्कर, म्हणजे रोगाच्या खुणा, सापडतात, पेशंट सिगरेट ओढायचा का, आणि पुढे त्याचं काय झालं, हे सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. जुन्या ब्लॉकचे पातळ काप करायचं काम माझ्याकडे आहे. तुमचा नंबर मला पाठ आहे. तुम्हाला वाटेल, मी रडले असेन. नाही रडले. मी संतापले. दोन काप फुकट घालवले, तेव्हा उठून पाणी प्यायले आणि मनातल्या मनात तुम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या.

मुलुंडच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं? मी नऊ वर्षांची आहे. रविवार आहे, तुमचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, जेवायला आलेत, आई गरम पोळ्या वाढतेय, आणि मी सगळ्यांसमोर म्हणते, “बाबांच्या शर्टाला सिगरेटचा वास येतो.” काकांचा घास हातातच थांबतो. तुम्ही हसता. “ऑफिसात सगळे ओढतात ना गं, त्यांचा वास.” काका गेल्यावर तुम्ही मला बाल्कनीत नेलंत. “मोठ्यांसमोर असलं काही बोलायचं नाही. पुन्हा बोललीस तर बघ.” तुम्ही हात उगारला नाहीत, पण तो आवाज मला पुरला. तेव्हापासून आपल्या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. जेवण झालं की “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणून तुम्ही बिल्डिंगमागच्या पंपाच्या खोलीकडे जायचात आणि वेलदोडा चघळत परत यायचात. वेलदोडे संपले की आई न विचारता आणून ठेवायची. पन्नाशी उलटलेला माणूस, थोरल्या भावाला कळू नये म्हणून पंपाच्या खोलीमागे लपतो! असल्या आदराला आग लागो.

मग लघवीतून रक्त जायला लागलं, तर म्हणे बीट खाल्लं होतं. आपल्या घरात बीट कधी आलं हो? दुखत नव्हतं म्हणून दोन महिने गप्प बसलात. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, तिलाही सांगितलं नाहीत. शेवटी आईनेच पाहिलं आणि मी तुम्हाला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मोठे काकाही आले, कारण डॉक्टरकडे जाताना घरातलं वडीलधारं माणूस सोबत हवंच. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. “तू इथलीच ना? मी विचारतो, तू लिही,” म्हणाले. मी लॅबचा डीएमएलटी कोर्स पास झाले तेव्हा तुम्ही दिलेलं पेन पर्समध्येच होतं. वय, नोकरी, डायबिटीस. मग “सिगरेट, तंबाखू?” काका तुमच्या शेजारी काठी टेकवून बसलेले. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं गेलं.

त्या एका शब्दाने सगळी वाट लागली. दुर्बिणीने गाठ काढली, पण सिगरेट सोडा असं तुम्हाला कुणी म्हटलं नाही. कशाला म्हणतील? तुम्ही ओढतच नव्हतात! बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला डॉक्टर दटावत होते, “अजून सोडलीत तरी उपयोग आहे काका,” आणि तुम्ही पेपर वाचत होतात. दर तीन महिन्यांनी तपासणीहून घरी आलात की पुन्हा पंपाची खोली. गाठ परत आली, काढली, परत आली. सोडली असती तर वाचला असतात असं मी म्हणत नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्हाला दटावायला कुणीतरी हवं होतं.

आज आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तुमच्या कापाची स्लाइड पाहिली. पी-५३ नावाचा मार्कर बिघडला असेल तर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात, आणि बहुतेक वेळा ते पुढच्या दृष्टीने चांगलं लक्षण नसतं. तुमच्या स्लाइडवर जिकडे बघावं तिकडे तपकिरी. “अगं, हे बघ ना! नॉन-स्मोकर, आणि मार्कर असा? इंटरेस्टिंग केस आहे. उद्या अभ्यासातल्या पेशंटांची यादी जाण्याआधी वेगळी काढून ठेव.” इंटरेस्टिंग! माझं डोकंच फिरलं.

“मॅडम, हा पेशंट ओढायचा. माझे वडील होते.”

त्यांनी फॉर्म पुन्हा पाहिला. “मग फॉर्मवर असं का?”

“मोठ्या भावासमोर सांगितलं नाही त्यांनी.”

“होतं गं असं. आपल्याकडे सगळेच लपवतात,” असं म्हणून त्यांनी मला दुरुस्तीचा कागद दिला. तो आता आमच्या बोरिवलीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आहे. किती वर्षं ओढत होता? दिवसाला किती? मला काय माहीत? मी कधी विचारलंच नाही. आता विचारायला तुम्ही नाही आणि आईही नाही, म्हणून कुठेही न पाठवायचं हे पत्र लिहीत बसलेय.

आणि बाबा, मॅडमना मी खोटं सांगितलं. नवऱ्यालाही इतकी वर्षं तेच सांगत आले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही काकांकडे पाहिलंत, घसा साफ केलात आणि म्हणालात, “डॉक्टर, त्याचं काय आहे...” तुम्ही सांगणार होतात. मीच मध्ये बोलले, “नाही, नाही ओढत ते,” आणि लिहूनही टाकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि गप्प झालात. नंतर एकदाही त्यावरून मला बोलला नाहीत. बोलायला हवं होतंत.

कागदावर ‘दुरुस्तीचं कारण’ असा रकाना आहे. तिथे मी आधी ‘पेशंटने चुकीची माहिती दिली’ असं लिहिलं होतं. आत्ता ‘पेशंटने’ खोडून ‘मुलीने’ लिहिलंय.